स्टेशन नसलेल्या गावाचं झाड

माझ्या अकोल्याच्या घरमालकांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते चालणार नाही. पूर्ण चौकशी झाल्याशिवाय कोणी कोणाचं नाव घेऊ नये असं त्यांचं मत होतं, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांची चौकशी करणं त्यांनाही जमणार नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो, तेवढ्यावर भागवू.

माझी अमरावतीहून अकोल्याला बदली झाली तेव्हा जठारपेठेत त्यांची वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून मी गेलो. गेटातच एक उंच, हडकुळा माणूस हातातला ब्रश पुसत उभा होता. खोली दाखवायचं सोडून त्यांनी मला आधी ओसरीत बसवलं.

"गाव कोनतं?"

"अमरावती."

"म्हनजे बडनेऱ्यावरून फाटा. ब्रँच लाइनचे तुमी."

अमरावतीच्या माणसाला तोंडावर असं बोलणारा मला जन्मात पहिल्यांदा भेटत होता. मी उठणारच होतो, पण उन्हात पुन्हा खोल्या शोधायची हिंमत नव्हती.

"मामाचं गाव?"

"मूर्तिजापूर."

"हं. हे मेन लाइन." त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "स्टेशनच्या इकडून का तिकडून?"

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मूर्तिजापूरला त्यांच्या ओळखीचे कोणी निवृत्त गेटमन होते, त्यांना फोन गेला होता. "तुमचा मामा भांडखोर हाय, पन मानूस खोटा नाई. या राहाले," काका म्हणाले. मामाबद्दल इतकं नेमकं आमच्या घरातही कोणी कधी बोललेलं नव्हतं.

काका रेल्वेत पेंटर होते. सारी नोकरी बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहून काढली आणि आजूबाजूच्या स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर काळी अक्षरं रंगवत फिरले. नाव आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि तळाशी समुद्रसपाटीपासूनची उंची. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर बांधलं, तरी हात काही थांबला नाही. तेलाचे डबे कापून त्यांनी लहान लहान पिवळ्या पाट्या केल्या आणि अंगणातल्या प्रत्येक कुंडीत एकेक रोवली. मोगरा. त्याखाली पुन्हा मोगरा, कारण हिंदीतही मोगराच. त्याखाली इंग्रजी अक्षरांत मोगरा. आणि सगळ्यात खाली अकोल्याची उंची. तुळशीवृंदावनही यातून सुटलं नव्हतं.

"काका, दोन्हीकडे मोगराच आहे तर एकदाच लिहा ना," मी एकदा म्हणालो.

"नियम हाय. उद्या हिंदीवाला आला त?"

त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे शिक्षाच. दुकानांच्या पाट्या वाचत ते रस्त्याच्या मधोमध थांबत. एका मिठाईवाल्याला त्यांनी गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं की तुमच्या पाटीवरचा ठ एक दिवस खाली पडणार आहे, त्याला आधार नाही. मिठाईवाला बिचारा वर बघत राहिला. "चालत्या गाडीतून वाचता आलं पाह्यजे," हे काकांचं ठरलेलं वाक्य होतं. "थांबून त कोनीबी वाचते."

असा हा माणूस एकाच ठिकाणी अडला होता. त्यांची एकुलती एक मुलगी, मी तिला ताई म्हणतो, रत्नागिरीकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथेच तिने लग्न जमवलं. मुलगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न अकोल्यात झालं, काका पुढच्या रांगेत बसले, आशीर्वाद दिला, पोटभर जेवलेही. पण मुलीच्या घरी जायचं म्हटलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. राग नव्हता, भांडण नव्हतं. जावयाचा फोन आला की "बरं हाय ना?" एवढं विचारून फोन काकूंच्या हातात देत.

"त्या घराची मले वळख नाई," ते मला सांगायचे. "चौकशी करू त कोनाकडं? गावाले स्टेशनच नाई."

त्यांची अडचण खरी होती. त्यांचे सगळे खबरे रुळांच्या कडेला राहत. भुसावळपासून नागपूरपर्यंत कोणाच्याही घरात काय शिजतं ते त्यांना कळायचं, पण रूळ सोडून कोसभर आत गेलं की सगळा अंधार.

"माह्या माहेराले कुठी होतं स्टेशन?" काकू आतून ओरडत. त्या तेल्हाऱ्याच्या. "मंग मले कशी केली?"

"जवळच्या गावाले होतं ना. छोट्या लाइनचं."

काकूंची घालमेल मात्र मला बघवत नसे. मुलीच्या घरी पहिल्यांदा जायचं ते दोघांनी मिळून, विहिणीला साडी, व्याह्यांना कापड घेऊन. एकटी गेले तर चार लोक म्हणतील सासरे-जावयाचं बिनसलं, म्हणून त्या थांबल्या होत्या. विहिणीची साडी कधीच घेऊन झाली होती. कपाटातून काढून ती त्यांनी मलाही दाखवली. "पोरीचं सयपाकघर पाहाचं हाय मले," त्या म्हणाल्या. "खिडकी कोन्या बाजूनं हाय, वट्टा तिच्या उंचीचा हाय का नाई, काई माईत नाई."

"काकू, फोनवर दाखवते ना ताई."

"फोनात फोडनीचा वास येते का?" असं म्हणून त्यांनी साडी पुन्हा घडी मोडू न देता ठेवून दिली.

अशात एके दिवशी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल आलं. तेलाचा कापलेला प्लास्टिकचा कॅन, त्यात जांभ्या दगडाचा एक भोकाभोकांचा तुकडा, आणि दगडाच्या भेगेतून निघालेलं वीतभर झाड. अंगठ्याएवढा जाड बुंधा, पिळलेला. साऱ्या फांद्या एकाच अंगाला कललेल्या. पानं नखाएवढी, जाड, चकचकीत. मी तरी असं काही प्रदर्शनातच पाहिलं होतं. तेवढ्यात ताईचा फोन आला, आणि काकूंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बाबा, आमच्या घरामागच्या कड्यावरचं हाय. अठी घरात कोनालेच याचं नाव येत नाई. तुमी वळखून दाखवा."

"त्यात काय! वळखतो."

"पैज?"

"हाव. ज्या दिवशी याची पाटी लिहीन त्या दिवशी तुह्या गावाचं तिकीट काढीन."

काकू लगेच उठल्या आणि त्या झाडापुढे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या झाडाचे लाड सुरू झाले.

काकांनी लगेच पाटी केली. पिवळा रंग दिला, नावाची जागा कोरी सोडली आणि तळाशी उंची लिहायला ब्रश उचलला. पण हे झाड अकोल्याचं नव्हे, म्हणून पुन्हा फोन केला. "तुह्या घरामागं समुद्रसपाटीपासून उंची किती?"

"बाबा, समुद्र समोरच हाय. खाली वाकलं की सपाटी."

हे उत्तर पाटीवर लिहिता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा तीही जागा कोरी राहिली.

शेजारचे लोक येऊन बोनसाय म्हणू लागले. काकांना हा शब्द सहन होत नसे. "बोनसाय करा लागते. तार बांधा लागते, मुळं कापा लागते. हे कोनी केलं? कोनीच नाई. म्हनजे खानदानच बुटकं हाय." हे एकदा ठरल्यावर त्यांनी चौकशी फक्त बुटक्या झाडांतच केली. कोणी उंच वाढणाऱ्या झुडपाचं नाव काढलं की ते हात हलवून त्याला गप्प करत. पोराचं स्थळ बघताना करावी तशी सगळी चौकशी: चीक निघते का, काटा हाय का, कोणाच्या शेजारी राहते, जनावर तोंड लावते का. ताई फोनवर उत्तरं देई आणि मला वाटतं, तोंड दाबून हसत असे.

दुसरा नियम त्याहून कडक. झाडाला हात लावायचा नाही. एक पान तोडून बघू म्हटलं तर काका अंगावर आले. "पाहुनं हाय ते. पाहुन्याले चिमटा काढता का तुमी अमरावतीत?"

मी माझ्या मोबाइलवर झाडं ओळखणारं ॲप घेतलं. ते सकाळी वड म्हणालं, दुपारी कुठलंसं चिनी नाव म्हणालं आणि संध्याकाळच्या उजेडात काढलेल्या फोटोवर कढीपत्ता म्हणालं. "तुमचा मोबाइलबी ब्रँच लाइनचा हाय," काका म्हणाले, आणि तो विषय मिटला.

पाण्याचं वेगळंच. समुद्राकाठचं झाड, त्याला नळाचं गोडं पाणी कसं चालेल? मग खारपाणपट्ट्याची आठवण झाली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना विहिरीचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही, आणि तेल्हाऱ्याकडचे काकूंचे नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्याला शिव्या देत आलेले. आता जो भाऊ, जो भाचा अकोल्याला येई त्याला एक कॅन भरून तेच पाणी आणावं लागे. ज्या पाण्यापायी त्या गावांत सोयरिका अडायच्या, त्याची जठारपेठेत अशी वाट पाहिली जात होती.

"माह्या माहेरचं पानी त्या झाडाले चालते," काकू भांडी घासता घासता म्हणाल्या, "आन् माह्या पोरीच्या घरचं यांले चालत नाई." काका त्या वेळी कॅन ओतत होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण थोडं पाणी बाहेर सांडलं.

अखेर मीच सुचवलं की अमरावतीला माझे कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर आहेत, त्यांना दाखवू. काकांनी आधी सरांच्या मामाचं गाव विचारलं, मगच तयार झाले. रेल्वेने निघालो. झाड त्यांच्या मांडीवर, पायाशी खाऱ्या पाण्याची बाटली. समोरच्या बाईने "पूजेचं आहे का?" विचारलं तर "चौकशी चालू हाय," असं उत्तर मिळालं. बडनेऱ्याला उतरून आम्ही रिक्षा केली, पण काकांनी ती आधी आपल्या जुन्या क्वार्टरकडे वळवायला लावली. क्वार्टरात आता दुसरं कुटुंब होतं. पुढचं कडू मेंदीचं कुंपण मात्र तसंच, कमरेएवढं, वरून सपाट कापलेलं. "पाहा, अजून लाइनीत हाय," ते कौतुकाने म्हणाले आणि झाड सांभाळत रिक्षात बसले.

सरांनी चष्मा काढून, घालून, खाली वाकून झाड पाहिलं आणि पानाकडे बोटं नेली. काकांनी कॅन बाजूला ओढला.

"अहो, पान चुरगळून पाहू द्या. वास तरी घेऊ."

"हात नाई लावाचा."

"मग फूल येऊ द्या. फुलाशिवाय मी नाव सांगत नाही," सर म्हणाले. ते बरोबरच होतं. काकांनाही पटलं, कारण पुरावा नसताना नाव न घेणारा माणूस त्यांना आवडायचा. परतीच्या गाडीत ते सरांचं कौतुक करत होते. घरी काकू मात्र दारात उभ्या होत्या. "फूल यायचं आहे म्हणाले," असं मी सांगितल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या. मला फार वाईट वाटलं.

फूल काही येईना. आणि पाऊसकाळ सरता सरता एक भलतंच झालं. झाडाला सरळ, लांबलचक फांद्या फुटल्या. पानं बोटाएवढी झाली. खानदान बुटकं म्हणता म्हणता ते कॅन सोडून मोठ्या कुंडीत गेलं आणि दिवाळीपर्यंत तुळशीवर पसरलं. बोनसाय कुठल्या कुठे गेलं. काका हैराण. "याची तब्येत बिघडली," असं ते सगळ्यांना सांगत. छाटू मात्र देईनात. कोरी पाटी त्या फांद्यांच्या आत पार दिसेनाशी झाली.

एका रविवारी काका दूध आणायला गेले होते. मी जिन्यावर पेपर वाचत होतो. काकू शिवणाची मोठी कात्री घेऊन बाहेर आल्या, पदर खोचला आणि त्यांनी सपासप फांद्या कापायला सुरुवात केली.

"काकू! काका येतील!"

"येऊ द्या. माही तुळस मारली यानं. लय झाला पाहुनचार."

अंगणात पानांचा ढीग झाला. तेवढ्यात गेट वाजलं. हातात दुधाची बरणी घेऊन काका उभे. त्यांचं तोंड ओरडण्यासाठी उघडलं, आणि तसंच राहिलं. नाकपुड्या हलल्या. बरणी भिंतीवर ठेवून ते ढिगाजवळ उकिडवे बसले, एक पान उचललं, चुरगळलं, नाकाशी धरलं. मग चावलं आणि थू करून थुंकले.

"अवं," ते हळू आवाजात म्हणाले, "हे त आपल्या क्वार्टरची मेंदी व्हय. कडू मेंदी!"

"काय सांगता बाप्पा!" काकूंनी गालाला हात लावला.

काकांना वासाने सगळं आठवत गेलं. बडनेऱ्याला रेल्वेचा माळी महिन्याकाठी ते कुंपण कापायचा, त्या दिवशी घरभर हा कडवट वास. ताई लहानपणी त्याच कापलेल्या पानांचं दुकान मांडून बसायची. तेच झाड समुद्रकाठचं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि वीतभर पिळलेलं हे त्याच घरातलं असेल हे तर मुळीच नाही. तरी ते खात्री करायला दुपारच्या गाडीने फांदी घेऊन बडनेऱ्याला गेले. संध्याकाळी आले ते सरळ ब्रश घेऊन बसले. मराठी, हिंदी, इंग्रजी. उंचीची जागा त्यांनी तशीच सोडली. "तठी जाऊन लिहीन," म्हणाले. काकू त्यांच्या मागे उभ्या राहून शेवटचं अक्षर वाळेपर्यंत बघत होत्या.

तिकिटं तीन निघाली. पुढे रेल्वे नाही, एसटीचा प्रवास, आणि एसटीतलं त्यांना काही समजत नाही म्हणून मलाही नेलं. वाटेत प्रत्येक स्टेशनची पाटी वाचणं चालूच. घाट उतरल्यावर उंचीचे आकडे कमी कमी होऊ लागले तसे ते अस्वस्थ झाले. "आपन लयच खाली जाऊन राहिलो, भाऊ," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

ताईचं घर कड्यावर होतं. तिचे सासू-सासरे बाहेर येऊन थांबले होते. काकू ताईला मिठी मारून थेट तिच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, "वट्टा बरोबर हाय वं!" काका मात्र आधी घरामागे गेले. मीही गेलो. कातळावर सगळीकडे तीच झुडपं, गुडघ्याच्या वर एक नाही, आणि सगळी समुद्राकडे पाठ करून वाकलेली. वारा इतका की काकांची टोपी उडाली ती दिसलीच नाही. ते डोक्यावर हात ठेवून उभे होते. "खानदान नाई, हवा हाय ही," एवढंच ते म्हणाले. मला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

जेवायला बसलो. ताई भाकरी वाढत होती. काकांनी वास कसा आला, नाव कसं सापडलं, सगळं रंगवून सांगितलं. ताईचं हसू काही थांबेना.

"बाबा, मले त उपटतानाच समजलं होतं. फांदी तुटली आन् क्वार्टरचा वास आला."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"सांगितलं असतं त तुमी आले असते?"

काकांनी घास ताटात ठेवला. "आन् मी वळखलंच नसतं त?"

"त्याची सोय केली ना. तुमी पान तोडू देत नव्हते. मंग दिवाळीनंतर आई फोनवर रडली, तवा मी तिले म्हटलं, आई, कात्री घे."

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून वरणात भाकरी चुरत होत्या. गालाला हात लावून "काय सांगता बाप्पा" म्हणणाऱ्या याच बाई, आणि मी त्या दिवशी जिन्यावर बसून सगळं खरं समजत होतो.

काकांनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी जावयाकडे वळले. "तुमालेबी माईत होतं?"

"मला?" जावई गडबडला. "मला तर अजून त्याचं नाव माहीत नाही. आम्ही नुसतं झुडूप म्हणतो. ही मला सांगायलाच तयार नाही. म्हणाली, बाबा आले की त्यांना विचार."

काका तडक उठले. "चला," ते म्हणाले. काकू "अजी, जेवून त घ्या," म्हणत राहिल्या. पण काका त्याला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलेसुद्धा. मी खिडकीतून पाहिलं. दोघं खरकट्या हातांनी त्या झुडपांत उभे होते, काका एक पान चुरगळून जावयाच्या नाकाशी धरत होते आणि तोंडाने अखंड काहीतरी सांगत होते. वाऱ्यात त्यांना नीट उभं राहता येईना, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने जावयाचा दंड पकडला होता. बऱ्याच वेळाने दोघं घरात आले, तेव्हाही तो त्यांनी सोडला नव्हता.